नत्थुजी पाहण्याचा कार्यक्रम

पहिला फोन अचलपूरहून आला. सत्यभामा होती, नत्थुजींची धाकटी बहीण, आणि ती रडत होती.

"दादा," ती म्हणाली, "असं काय होऊन बसलं रे तुह्यं."

"काय झालं?" नत्थुजींनी विचारलं.

"माह्यापासून नको लपवू. मी सारं पाह्यलं." एवढं बोलून तिनं आणखी थोडं रडून घेतलं आणि फोन ठेवला.

नत्थुजी रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. गावात भारनियमन चालू होतं, म्हणजे रोजच्यासारखी संध्याकाळ होती. चुलीच्या उजेडात त्यांनी स्वतःकडे वरून खाली पाहून घेतलं. बंडी होती, धोतर जागेवर होतं, पाय होते. होऊन बसलेलं काही दिसेना. त्यांनी रिसीव्हर ठेवला, तोच फोन पुन्हा वाजला. या खेपेला बडनेऱ्याहून मेव्हणा बुधाजी होता आणि तो हसत होता. साधंसुधं नाही. हसता हसता त्याचा श्वास अडकत होता, आणि अडकलेला श्वास सुटला की त्याच श्वासावर तो पुन्हा हसत होता.

"भाऊजी," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसतं हसणं. मग म्हणाला, "खुर्ची." मग फोन त्याच्या बायकोनं घेतला, तीही हसली, आणि लाइन तुटली.

"कोन होतं?" आशाबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"आंधी सत्यभामा होती. रडून राहिली होती."

"अगं माय. कोन गेलं?"

"मीच गेलो वाटते."

"अन् आता?"

"आता तुह्या भाऊ. हासून राहिला."

आशाबाईंनी भाकर उलटवली. "त्याले हासाले काय झालं?"

"तेच. मीच," नत्थुजी म्हणाले.

त्या संध्याकाळी फोन थांबला नाही. परतवाडा रडलं. दर्यापूर हसलं. अमरावतीच्या एका साडूनं अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं की माणसानं असं खचून जायचं नसतं, आणि त्याच्यामागे त्याची पोरं खिदळत होती. मूर्तिजापूरचा एक मावसभाऊ आधी रडला, मग म्हणाला, "थांब भाऊ, बायकोनं चॅनल बदललं," आणि मग तोही हसायला लागला. यावरून नत्थुजींना एवढंच कळलं की आपण टीव्हीवर आहोत, आणि एका जागी नाही. घरात टीव्ही होता. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन होतं आणि आच्छादनावर अंधार होता.

फक्त एक फोन आला नाही. अकोल्याचा.

तो यायला हवा होता, कारण त्या आठवड्यात आकांक्षाच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरणार होती. आकांक्षा म्हणजे नत्थुजींची एकुलती एक पोर, अमरावतीला कॉलेजात शिकणारी. मुलगा अकोल्याचा विपुल, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवणारा. त्याला तिनं आधीच पसंत केलं होतं, आणि मग पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहत असल्याचं इतकं छान दाखवलं होतं की मुलाच्या बापानं विचारल्यावर तिनं आपलं नाव सांगितलं, तेव्हा विपुलनं दचकून "वा" म्हटलं होतं. हे सगळं नत्थुजींना माहीत होतं. आकांक्षानं त्यांना एकदाच सांगितलं होतं, "बाबा, हे जमलं पाहिजे." दुसऱ्यांदा सांगणाऱ्यातली ती पोर नव्हती.

त्या संध्याकाळी, तारखेसाठी घरी आलेली ती फोनजवळच्या खांबाला टेकून बसली होती. प्रत्येक वेळी घंटी वाजली की ती मान वर करी, आणि बापाच्या कानाशी धरलेल्या रिसीव्हरातून रडणं नाहीतर हसणं ऐकू आलं की पुन्हा खाली घाली.

आता ही खुर्ची काय, ते सांगायला पाहिजे.

त्या वर्षांत वऱ्हाडात पाऊस केव्हा येईल याचा भरवसा नव्हता, पण टीव्हीवाले नेमानं येत. कापसाचं वाटोळं होत होतं, घरं उठत होती, आणि मुंबई-दिल्लीच्या लोकांना ते पाहायचं होतं. या येण्याजाण्यामुळे गावोगावच्या माणसांना एक वळण पडून गेलं होतं. कॅमेरा दिसला की टोपी काढून हातात घ्यायची, दूर कुठेतरी पाहायचं आणि विचारल्याशिवाय हलायचं नाही. याचा सगळ्यात जास्त ताप गुलफामला झाला. गुलफाम बडनेऱ्याचा, लग्नांची शूटिंग करायचा. त्याच्या कॅसेटी पाहिल्या तर कुणाच्या लग्नाला गेलो होतो की कुणाच्या तेरवीला, हे नवरदेवालासुद्धा सांगता येईना. एका पंगतीत मुलीचे मामा जिलबी हातात धरून आभाळाकडे पाहत बसले, आणि गुलफामनं काही विचारलेलं नसताना म्हणाले, "सरकारनं लक्ष द्यावं."

नत्थुजींचं तसं काही वेगळं बिघडलेलं नव्हतं. सगळ्यांचं जेवढं बिघडलं होतं तेवढंच. पण देवानं त्यांना चेहराच असा दिला होता की त्यांनी जांभई दिली तरी समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्यामुळे गावात आलेला कॅमेरा फिरून फिरून त्यांच्याच अंगणात येई.

भादव्यात असाच एक आला. एक तरणी बाई माइक घेऊन, आणि तिच्यासोबत कॅमेरावाला. त्यांना नत्थुजी वावरात हवे होते, उभ्या कपाशीत, पऱ्हाटीच्या मधोमध, भुईवर बसलेले. याला आशाबाई आडव्या आल्या.

"आमच्या घरचा मानूस टीव्हीत भुईवर बसनार नाई," त्या म्हणाल्या. "लोक म्हनतीन खुर्ची नाई यायच्या घरी."

घरी नवीकोरी प्लास्टिकची खुर्ची होती. ती वावरात नेऊन ठेवली, नत्थुजींना तिच्यात बसवलं आणि हातात चहाचा कप दिला. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. आपली काळी माती ओली असली की तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे नत्थुजींना लहानपणापासून माहीत होतं. पण ते पायांच्या बाबतीत. खुर्चीच्या पायांचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

शिवाय त्यांचं सगळं ध्यान दुसरीकडेच होतं. पाहुणी उभी होती आणि घरधनी खुर्चीत बसला होता. असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. लाजेनं त्यांना धड वर पाहवेना. म्हणून खुर्चीचा मागचा उजवा पाय हळूहळू मातीत जायला लागला तेव्हा त्यांना वाटलं, जाते ते बरोबरच आहे. बाई कापसाबद्दल विचारत होती, ते बोंडअळीबद्दल सांगत होते आणि कलत होते. मध्येच थांबून "खुर्ची जाऊन राहिली" असं म्हणणं त्यांना चांगलं दिसेना. दिलेल्या खुर्चीला नाव ठेवायचं, तेही पाहुणी उभी असताना. ते कलले तशी बाई माइक घेऊन कलली. कॅमेरावाला हुशार होता. त्याला चौकटीत माणूस सरळ लागे, म्हणून त्यानं नत्थुजींच्या हिशेबानं कॅमेराच कलता केला. शेवटचं उत्तर संपता संपता नत्थुजी अलगद मातीला लागले. कपातला चहा सांडला नाही. बाई "फार छान बोललात काका" म्हणाली आणि ते लोक पुढच्या गावाला गेले.

त्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, गुलफाम उभा होता. तो बुधाजीच्या पोराच्या लग्नाची कॅसेट द्यायला आला होता. मोठ्या चॅनलचे लोक कॅमेरा कसा धरतात ते पाहून ठेवावं म्हणून त्यानं आपलाही काढला होता, आणि सरळ धरला होता.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुलफाम सायकल हातात धरूनच अंगणात आला. ती टेकवून ठेवली असती तर पळायला वेळ लागला असता, असं त्याला वाटलं असावं.

"काका, खफा नका होऊ," तो म्हणाला.

"आंधी सांग, मी मेलो का हासलो?"

"दोन्ही चॅनलवर एकाच टायमाले आले तुमी. नागपूरचं अधिवेशन चालू हाये ना, म्हनून त्या बाईनं तुमाले आतापर्यंत ठेवून ठेवलं होतं. तिच्या चॅनलवर तुमी सरळ दिसता. मांगचं सारं कलते. पऱ्हाटी कलते, बैल कलते, निंब कलते. बाई म्हनते, पाहा, कसं कलंडलं शेतकऱ्याचं जग. अन् लय दर्दभरं संगीत."

"अन् दुसऱ्यावर?"

गुलफामनं सायकल भिंतीला टेकवली. "दुसरी कॅसेट माह्यी हाये. ‘पडा अन् हसा’ नावाचा प्रोग्राम हाये. लोकांच्या घरच्या गमती दाखवतेत. कोनाचा झुला तुटला, कोन केकवर बसलं. त्यायले धाडली होती. मले वाटलं, लावतीन का नाई लावतीन."

"लावली?"

"लावली. पयला नंबर आला. बनियान देल्लं त्यायनं." त्यानं पिशवीतून एक पिवळंधमक बनियान काढलं. त्याच्यावर दात काढलेलं तोंड छापलेलं होतं आणि ते बनियान नत्थुजी आणि बैल दोघांना मिळून झालं असतं. आशाबाईंनी ते हातात घेऊन कापड चोळून पाहिलं आणि पाट्यावर झाकलं.

मग गुलफामनं अंगणात तिपाई मांडली, तिच्यावर बसला आणि कसं कसं दाखवलं ते करून दाखवलं. नत्थुजींचा आवाज काढून टाकला होता आणि त्यांना बदकाचा दिला होता. बदक म्हणत होतं, माय भुई, मले मांडीवर घे. प्रत्येक वितीला शिटी वाजे, आणि खाली टेकल्यावर डफ.

नत्थुजींनी हे सगळं नीट पाहून घेतलं. एका गोष्टीमुळे मात्र त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती.

"हासनारे कोन होते?" त्यांनी विचारलं. "मूर्तिजापूरवाला म्हने, हजार लोक हासून राहिले होते. माह्या वावरात त हजार लोक नोयते."

"ते कोनी नसते, काका. ते हासनं आंधीचं असते. कधीचं हासून ठेवलेलं. पाहिजे तवा लावतेत."

"हासून ठेवलेलं?"

"हो."

नत्थुजी विचारात पडले. कुरड्या करून ठेवतात, सांडगे करून ठेवतात, तूर भरडून ठेवतात. हसून ठेवतात हे त्यांना नवीन होतं. "म्हंजे ते माह्यावर हासले नाई?"

"नाई नाई. ते कोनावर हासले होते ते आता त्यायलेबी नाई सांगता येनार."

"अन् दर्दभरं संगीत?"

"तेबी ठेवलेलंच असते."

म्हणजे ज्यांनी रडायला लावलं ते आपल्यासाठी रडले नव्हते, आणि ज्यांनी हसायला लावलं ते आपल्याला हसले नव्हते. मग सत्यभामा कुणाला रडली? हे कोडं नत्थुजी सोडवत होते, तेवढ्यात घरात फोन वाजला आणि आकांक्षा इतक्या झपाट्यानं आत गेली की तिपाई पडली. गुलफामसकट.

अकोल्याचे खुशालराव होते, विपुलचे वडील.

"नत्थुजी," ते म्हणाले, "आमी रविवारी येऊन राहिलो."

"या ना, या. साक्षगंधाचं बोलाले?"

"नाई. पाहाले."

"पोरगी त तुमी पाह्यली, खुशालराव."

"पोरगी पाह्यली," खुशालराव म्हणाले. "बाप पाहाचा राह्यला."

खुशालराव अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. उभा जन्म त्यांनी तराजूची दांडी आडवी आहे की नाही हे पाहण्यात घालवला होता. घरातला आरसा, भिंतीवरचं कॅलेंडर, जावयाच्या कपाळाचा टिळा, जे जे कललेलं दिसेल ते त्यांना सोसत नसे. आदल्या संध्याकाळी ते बातम्या पाहत होते आणि शेजारणीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, दुसरं चॅनल पाहिलं होतं. तेव्हापासून त्या घरात शांती नव्हती.

"माह्या चॅनलवर मानूस सरळ होता अन् वावर कललेलं होतं," त्यांनी फोनवर सांगितलं. "हिच्या चॅनलवर वावर सरळ अन् मानूस कललेला. मी म्हनतो, एवढा मोडलेला मानूस हाये, पोरीचं कसं करनार. ही म्हनते, एवढा गमत्या मानूस हाये, सोयरीक करूनच टाका. दोघायचं जमून नाई राहिलं. दोन काटे दोन वजनं दाखवून राहिले, नत्थुजी. मले पाहाच लागते."

नत्थुजींनी रिसीव्हर ठेवला आणि घरात सांगितलं, "मले पाहाले येऊन राहिले."

बाप पाहण्याचा कार्यक्रम गावात आजवर कुणी केला नव्हता. कसा करायचा हेही कुणाला ठाऊक नव्हतं. घरात अनुभवी अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आकांक्षा. तिनं शनिवारी बापाला समोर बसवलं.

"बाबा, विचारल्याशिवाय बोलाचं नाई. ट्रे आनताना खाली पाहाचं. आंधी मोठ्यायले द्याचं."

"मलेच ट्रे आनाचा हाये का?"

"पाहाचं कोनाले हाये?"

हे बरोबरच होतं. आशाबाईंची चिंता चेहऱ्याची होती. "त्यायच्यापुढे रडकं तोंड नका करू," त्या म्हणाल्या. "खुशालराव म्हनतीन मोडलेला हाये. अन् हासूबी नका. म्हनतीन खुळा हाये."

"मंग काय करू?"

"मधात ठेवा."

"काय?"

"तोंड."

नत्थुजींनी आरशासमोर उभं राहून तोंड मध्ये ठेवून पाहिलं. दावणीला बांधलेला बैल कोणत्या वावरात चरायला सोडला होता हे आठवत असलेल्या माणसासारखं ते दिसलं. आकांक्षा म्हणाली, चालंन.

रविवारी अकोल्याची मंडळी आली. खुशालराव, मनकर्णाबाई आणि विपुल. विपुल आल्यापासून सतरंजीवरच्या एकाच पट्टीकडे पाहत होता. गुलफामही आला होता, कारण सगळं त्याच्यामुळे झालं होतं. त्याचा कॅमेरा आशाबाईंनी दारातच काढून घेतला आणि तुरीच्या कणगीत पुरून टाकला.

नत्थुजी आतून ट्रे घेऊन आले. खाली पाहत आल्यामुळे त्यांनी पहिला कप खांबाला दिला. मग सावरून मोठ्यांना दिला. खुशालरावांनी एक डोळा मिटून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "नाव काय?"

"नत्थुजी."

"शिक्षन?"

"सातवी."

"आवड?"

याची तयारी झाली नव्हती. नत्थुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. आकांक्षानं दाराआडून ओठ हलवून काहीतरी सांगितलं. "विनकाम," नत्थुजी म्हणाले. विपुलला ठसका लागला.

"रांधता येते का?" मनकर्णाबाईंनी सवयीनं विचारलं.

"चहा जमते."

"जरा चालून दाखवा," खुशालराव म्हणाले.

नत्थुजी विहिरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. या वयात आपल्याला चालताना कुणी इतक्या ध्यानानं पाहील असं त्यांना वाटलं नव्हतं, त्यामुळे उजवा पाय आणि उजवा हात एकाच वेळी पुढे पडायला लागले. खुशालरावांनी नवराबायकोत करतात तशी बायकोच्या कानाशी कुजबूज केली. मनकर्णाबाई मात्र मोठ्यानंच बोलल्या.

"हे त सरळच चालतेत. टीव्हीत मस्त होते."

"इथं नाई समजाचं," खुशालराव उठले. "वावरात चला. खुर्ची घ्या."

मार्गशीर्ष महिना होता. वेचणी चालू होती, पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती आणि भादव्यातली ती ओली माती आता वाळून टणक झाली होती. जागोजागी भेगा पडायला लागल्या होत्या. खुर्ची त्याच जागी ठेवली. नत्थुजींना बसवलं, हातात चहाचा कप दिला. आशाबाई, आकांक्षा, विपुल, गुलफाम आणि वेचणीच्या बायका, सगळे उभे राहून पाहायला लागले.

काही झालं नाही.

नत्थुजी बसून होते. खुर्ची बसून होती. खुशालराव एक डोळा मिटून त्यांच्याभोवती फिरले. निंबाशी लावून पाहिलं, बैलाशी लावून पाहिलं, आणि शेवटी म्हणाले, "सरळ हाये."

आशाबाईंनी श्वास सोडला. पण मनकर्णाबाईंचं तोंड उतरलं. अकोल्याहून एसटीत उभ्यानं येऊन त्यांना हेच पाहायला मिळालं होतं.

"मंग पडत काहून नाई?" त्या म्हणाल्या. "टीव्हीवर कोन पडलं होतं?"

खुशालरावांच्या कपाळाला आठी पडली. हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नव्हता. "खरं हाये," ते म्हणाले. "आज सरळ हायेत, मंग त्या दिवशीचं खोटं. त्या दिवशीचं खोटं म्हनलं त दोन्ही चॅनल खोटे. मंग हा मानूस कोन हाये?"

हाच प्रश्न नत्थुजींनाही पडला होता. आपण सरळ राहायचं आहे की पडायचं आहे? सरळ राहिलं तर खोटे ठरतो. पडलो तर मोडलेले ठरतो, नाहीतर गमत्ये. त्यांनी पोरीकडे पाहिलं. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं आणि तिनं भुवया उंचावून नजर खाली लावली होती. भुवया वर म्हणजे वरच राहा, की डोळे खाली म्हणजे खाली जा, हे काही त्यांना कळेना. त्यांनी अंदाज म्हणून थोडं अंग डावीकडे टाकून पाहिलं. खुर्ची मख्ख. उजवीकडे टाकून पाहिलं. वेचणीवालींपैकी एकीनं तोंडाला पदर लावला.

"जोर लावून नका पडू," खुशालराव म्हणाले. "वजन करताना बोट लावून नाई चालत."

नत्थुजी थांबले. आणि थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की होणारे व्याही उभे आहेत, विहीणबाई उभ्या आहेत, होणारा जावई ढेकळावर एका पायावर उभा आहे, आणि आपण मुलीचे बाप असून त्या वावरातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसलो आहोत. पुन्हा तेच. भादव्यापासून मनात रुतून बसलेली ती लाज एकदम अशी वर आली की सोयरीक, चॅनल, तोंड मध्ये ठेवणं, सगळं विसरून ते ताडकन उठले.

"बसा, इवाई," ते म्हणाले. "तुमी उभे हा. मले नाई पाहावत."

"अवो, पाहाचं त आमाले हाये..."

"बसा पयले." त्यांनी खुशालरावांना दंडाला धरून बसवलं आणि हातातला कपही त्यांच्या हातात दिला.

खुशालराव अंगानं भरलेले होते. बसताना खुर्ची बोटभर मागे सरकली, मागचा उजवा पाय भेगेत गेला, आणि ते कलायला लागले. वाळलेली भेग वरून अरुंद दिसते पण आत बरीच खोल असते. खुर्ची सावकाश जात होती, थांबत होती, पुन्हा जात होती. खुशालरावांनी उठायचा विचार केला असावा. पण इतक्या लोकांसमोर, दुसऱ्याच्या वावरात, मानानं दिलेल्या खुर्चीतून धडपडत उठणं त्यांना चांगलं दिसलं नाही. ते कप धरून बसून राहिले.

"बोंडअळीचं कसं काय औंदा?" त्यांनी विचारलं.

"हाये, पन कमी हाये," नत्थुजी म्हणाले.

बोलताना पाहुण्याच्या तोंडाकडे पाहायला पाहिजे, म्हणून तेही कलले. खुशालराव आणखी गेले, तसे नत्थुजी आणखी कलले, एक हात गुडघ्यावर, मान खांद्याला. आणि मग त्यांना दिसलं. खुशालराव ताठ बसले होते. बैल मात्र तिरपा उभा होता, निंब आडवा व्हायला आला होता, आशाबाई एका बाजूला घसरत होत्या, आणि पांढऱ्या पऱ्हाटीच्या ओळी आभाळाकडे चढत निघाल्या होत्या. तेव्हा कॅमेरावाल्याला हे दिसलं होतं तर. बाई उगाच नाही गंभीर झाली.

"नत्थुजी," खुशालराव म्हणाले. त्यांनीही एक डोळा मिटला होता. "आता तुमी एकदम सरळ दिसून राहिले."

"तुमीबी," नत्थुजी म्हणाले.

तेवढ्यात भेगेतला पाय तळाला गेला. खुशालराव मातीला टेकले आणि कपातला सगळा चहा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर गेला.

विपुलनं डोळे मिटून घेतले. गुलफामचा हात सवयीनं खांद्याकडे गेला, जिथे कॅमेरा नव्हता. मग मनकर्णाबाई हसल्या. आधी नाकातून, मग पदरातून, मग पदर सोडून. त्या हसल्या तशा वेचणीवाल्या हसल्या, आशाबाई हसल्या, आणि डोळे पुसत आकांक्षा हसली. नत्थुजींनी कान देऊन ऐकलं. शिटी नव्हती, डफ नव्हता. हे ठेवलेलं नव्हतं. आत्ताचंच होतं.

"त्यायचा चहा नोयता सांडला," मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या. हसण्यामुळे त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

खुशालरावांनी पायजम्याकडे पाहिलं. मग रिकाम्या कपाकडे पाहिलं, जो त्यांच्या हातात पालथा होता. आडव्यानंच आभाळाकडे पाहून ते मनात काहीतरी जमवत होते. जमलं असं वाटलं नाही.

"साक्षगंध पौर्णिमेले करू," शेवटी ते भुईवरूनच म्हणाले. "पन खुर्च्या नका मांडू. सतरंजी टाका."

विपुलनं पुन्हा "वा" म्हटलं. आकांक्षानं त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं न करता. गुलफाम आणि विपुल खुशालरावांना काखेत हात घालून उचलायला गेले. आशाबाई खुर्ची उपसायला लागल्या, कारण नवी होती.

नत्थुजी मात्र तसेच होते, मान खांद्याला आणि हात गुडघ्यावर. पोरीचं जमलं हे त्यांना कळलं होतं. आपण मोडलेले म्हणून जमलं, की गमत्ये म्हणून, की सरळ म्हणून, हे कळलं नव्हतं. आणि आपण आता सरळ व्हायचं की नाही, तेही त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.